चार फूट पाणी : ईरी कालवा आणि त्याचे इतिहासकार

१

मराठी वाचकाला ‘कालवा’ म्हटले की शेताला मिळणारे पाणी आठवते. पाट, पाळी, पाणीपट्टी हे शब्द त्याच्या मागोमाग येतात. अमेरिकेच्या ईरी कालव्याविषयी वाचताना ही सवय आधी बाजूला ठेवावी लागते. त्या कालव्याचे पाणी पिकासाठी नव्हतेच, ते बोटी तरंगवण्यासाठी होते. हडसन नदीवरच्या ऑल्बनीपासून ईरी सरोवराच्या काठावरील बफेलोपर्यंत ३६३ मैलांचा हा चर. वरची रुंदी ४० फूट, तळाची २८ फूट आणि खोली अवघी चार फूट. वाटेतला चढउतार पार करण्यासाठी ८३ लॉक बांधले होते. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, दार लावायचे, पाणी भरायचे किंवा सोडायचे, की बोट वरच्या किंवा खालच्या पातळीवर जाते. बोट ओढायला काठावरच्या वाटेने घोडे नाहीतर खेचरे चालत.

४ जुलै १८१७ रोजी न्यूयॉर्क राज्यातील रोम या गावाजवळ खोदकाम सुरू झाले आणि २६ ऑक्टोबर १८२५ रोजी सबंध कालवा खुला झाला. खर्च सुमारे ७० लाख डॉलर झाला, आणि तो संघराज्याने नव्हे, एकट्या न्यूयॉर्क राज्याने उचलला. बफेलोहून न्यूयॉर्क शहरापर्यंत एक टन माल न्यायला पूर्वी साधारण १०० डॉलर पडत, ते १० डॉलरच्या आत आले. रॉचेस्टरची वस्ती १८२० साली १,५०२ होती, ती १८३० साली ९,२०७ झाली. न्यूयॉर्क शहर याच दहा वर्षांत १,२३,७०६ वरून २,०२,५८९ वर गेले.

अमेरिकेच्या प्रारंभीच्या भरभराटीविषयीचे कोणतेही पुस्तक उघडा, हे आकडे त्यात असतातच. ते खरे आहेत. प्रश्न पुढचा आहे. या आकड्यांवरून ‘कालव्याने अमेरिका घडवली’ असे म्हणता येते का? येत असेल तर कोणती अमेरिका, कोणासाठी आणि कोणाच्या खर्चाने? या प्रश्नाची उत्तरे इतिहासकारांनी, अर्थशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्याही आधी कथालेखकांनी दिली आहेत. ती एकमेकांशेजारी ठेवून वाचली, तर कालव्याबरोबरच ‘विकास’ नावाची गोष्ट कशी सांगितली जाते हेही कळते. या लेखाचा हेतू तेवढाच आहे.

२

सर्वांत लोकप्रिय मांडणी नायकाची आहे. पीटर बर्नस्टाइन यांचे ‘वेडिंग ऑफ द वॉटर्स’ (२००५) हे तिचे अलीकडचे आणि चांगले उदाहरण. वित्तव्यवहाराचे जाणकार असलेल्या बर्नस्टाइन यांना पैसा उभा कसा राहतो हे नेमके ठाऊक आहे. त्यांच्या पुस्तकात आपल्याला जेसी हॉली भेटतो. पीठ-धान्याच्या व्यापारात वाहतुकीच्या खर्चाने बुडालेला हा माणूस कर्जापायी तुरुंगात पडला आणि तिथे बसून त्याने १८०७-०८ मध्ये ‘हर्क्युलिस’ या टोपणनावाने कालव्याची कल्पना लेखमालेतून मांडली. थॉमस जेफरसन यांनी ही कल्पना काळाच्या शंभर वर्षे पुढची ठरवून झटकून टाकली. १८१७ च्या मार्चमध्ये अध्यक्ष मॅडिसन यांनी रस्ते-कालव्यांना संघराज्याचा पैसा देणारे विधेयक नाकारले. मग न्यूयॉर्कने डीविट क्लिंटन यांच्या पुढाकाराने काम स्वतःच्या अंगावर घेतले. बेंजामिन राइट आणि जेम्स गेडिस हे प्रमुख अभियंते मुळात जमीन मोजणारे होते. कॅनव्हस व्हाइट हा तरुण इंग्लंडचे कालवे पायी पाहून आला आणि पाण्याखाली घट्ट होणारे सिमेंट ज्यापासून करता येईल असा चुनखडक त्याने न्यूयॉर्क राज्यातच शोधला.

गोष्ट रंगते, यात शंका नाही. १८२४ साली विरोधकांनी क्लिंटन यांना कालवा-आयोगावरून काढले, तेव्हा लोक इतके संतापले की त्याच वर्षी ते पुन्हा गव्हर्नर म्हणून निवडून आले. ४ नोव्हेंबर १८२५ रोजी त्यांनी ईरी सरोवराचे पाणी न्यूयॉर्कच्या बंदराबाहेर समुद्रात ओतले. ‘पाण्यांचे लग्न’ म्हणतात ते हेच.

पण नायकाची गोष्ट एका जागी अडते. लग्नसमारंभाशी ती संपते आणि त्यानंतर जे जे झाले ते त्या एका कृतीचे फळ म्हणून मोजते. न्यूयॉर्क शहराच्या उत्कर्षाचेच पाहा. रॉबर्ट अल्बियन यांनी ‘द राइझ ऑफ न्यूयॉर्क पोर्ट’ (१९३९) मध्ये दाखवून दिले की शहर कालव्याच्या आधीच पुढे निघाले होते. १८१५ नंतर ब्रिटिश माल तिथे ओतला गेला. १८१७ च्या कायद्याने लिलावाचा व्यापार तिथे स्थिर झाला. १८१८ पासून ठरल्या तारखेला, माल भरला असो वा नसो, लिव्हरपूलला निघणाऱ्या जहाजांची फेरी सुरू झाली. आणि दक्षिणेतला गुलामांच्या श्रमावर पिकलेला कापूस न्यूयॉर्कच्या दलालांच्या हातून युरोपात जाऊ लागला. अल्बियन वाचल्यावर कालवा लहान होत नाही. तो एका चालत्या व्यापाराला येऊन मिळालेला मोठा ओघ ठरतो. बर्नस्टाइन यांच्या पुस्तकात कापसाची ही बाजू फार दबक्या आवाजात येते, आणि त्यामुळे ‘स्वतंत्र लोकांनी उभारलेले राष्ट्र’ हे चित्र आहे त्याहून स्वच्छ दिसते.

३

दुसरी मांडणी दरपत्रकाची. जॉर्ज रॉजर्स टेलर यांचे ‘द ट्रान्सपोर्टेशन रेव्होल्यूशन’ १९५१ साली आले. १८१५ ते १८६० या काळासाठी ‘वाहतूक-क्रांती’ हा शब्द त्यांच्यामुळेच रूढ झाला. टेलर यांची लेखनशैली कोरडी आहे, पण ज्याला खरोखर समजून घ्यायचे आहे त्याने सुरुवात तिथूनच करावी. पक्के रस्ते, नदीवरच्या वाफेच्या बोटी, कालवे, लोहमार्ग असा एकेक पदर ते उलगडतात आणि प्रत्येकाचा दर, वेग, तोटा मांडतात. १८४० सालापर्यंत अमेरिकेत सुमारे ३,३०० मैल कालवे झाले होते, आणि त्याच वर्षी लोहमार्गही जवळपास तेवढ्याच लांबीला पोचले होते, हे त्यांच्याकडून कळते. म्हणजे आधी कालव्यांचे युग आणि मग रेल्वेचे युग, अशी सरळ रांग नव्हती.

या मांडणीतून एक महत्त्वाची दुरुस्ती मिळते. ईरी कालव्याने पश्चिमेचे धान्य पूर्वेला आणले असे सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्षात पहिली वीसेक वर्षे कालव्याने पूर्वेकडे जाणारा बहुतांश माल खुद्द न्यूयॉर्क राज्यातलाच होता. जेनेसी खोऱ्यातला गहू, रॉचेस्टरच्या गिरण्यांमधले पीठ, सिराक्यूसजवळचे मीठ, जंगलतोडीतले लाकूड आणि राख. पश्चिमेकडच्या राज्यांचा माल त्याहून जास्त झाला तो १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धात. तोवर ओहायोचे शेतकरी आपले पीठ आणि डुकराचे मांस नदीमार्गे न्यू ऑर्लिन्सलाच धाडत होते. म्हणून ‘कालव्याने खंड जोडला’ हे १८२५ चे वर्णन म्हणून चुकते. आधी त्याने एक राज्य आतून जोडले. खंड जोडला जायला ओहायोचे कालवे, सरोवरातल्या वाफेच्या बोटी आणि दोन दशकांची वस्ती लागली.

टेलर यांची मर्यादा त्यांच्या गुणातच आहे. दर उतरला की बाजार वाढतो, बाजार वाढला की उत्पादन वाढते, हा त्यांचा क्रम. दर उतरल्याने कोण उठले आणि कोण बसले याचा रकाना त्यांच्या तक्त्यात नाही. स्वस्त जेनेसी गव्हापुढे न्यू इंग्लंडच्या खडकाळ शेतातला शेतकरी टिकला नाही. कोणी मेंढ्या पाळू लागला, कोणी पश्चिमेला निघाला, कोणाच्या मुली गिरणीत गेल्या. टेलर यांच्या दृष्टीने ही बाजारपेठेची जुळवाजुळव आहे. त्या घरांच्या दृष्टीने मात्र उलथापालथ होती.

४

१९६४ साली रॉबर्ट फोगेल यांनी ‘रेलरोड्स अँड अमेरिकन इकॉनॉमिक ग्रोथ’ या पुस्तकाने सगळी चर्चा हलवली. रेल्वे नसतीच तर? हा प्रश्न त्यांनी गंमत म्हणून न विचारता हिशेबाला घेतला. १८९० हे वर्ष धरले, शेतमालाची वाहतूक कालवे, नद्या आणि गाड्यांवर टाकली, सुमारे ५,००० मैलांचे कधीच न खोदलेले कालवे नकाशावर खोदले आणि निष्कर्ष काढला की रेल्वेमुळे झालेली बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आत बसते. रेल्वे उपयोगी होती, अपरिहार्य नव्हती. फोगेल यांना १९९३ साली डग्लस नॉर्थ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागे हे काम होते.

या पुस्तकावर टीका पुष्कळ झाली आहे. मला त्यातला एक उलटा न्याय महत्त्वाचा वाटतो. रेल्वेला अपरिहार्यतेच्या आसनावरून उतरवताना फोगेल यांनी नकळत कालव्याला तिथे बसवले. कारण रेल्वेविना अमेरिका चालते ती कालव्यांच्या जोरावर. मग हाच प्रश्न कालव्याला लावायला हवा. १८९० साली रेल्वेला स्वस्त पर्याय उभा होता. १८२५ साली बफेलो-ऑल्बनी वाटेवर कालव्याला पर्याय होता तो चिखलात रुतणाऱ्या घोडागाडीचा. शंभराचे दहा होणे आणि दहाचे आठ होणे या दोन वेगळ्या जातीच्या घटना आहेत. त्यामुळे कालव्याची बचत रेल्वेच्या बचतीहून, आपल्या काळाच्या मानाने, मोठी ठरण्याची शक्यता फोगेल यांच्याच पद्धतीतून निघते.

तरीही बचतीचा हिशेब पुरा पडत नाही, कारण स्वस्त वाहतुकीने जुनाच माल जास्त जातो एवढेच होत नाही, नवीन उद्योग सुचतात. केनेथ सोकोलॉफ यांनी १९८८ साली १७९० ते १८४६ या काळातील पेटंटच्या नोंदी तपासल्या. एखाद्या परगण्याला नौकानयनाचे पाणी मिळाले की तिथल्या पेटंटची संख्या वाढते, असे त्यांना आढळले. बाजार दारात आला की सामान्य कारागीरही अवजार सुधारायला लागतो. हा निष्कर्ष मला कोणत्याही दरपत्रकापेक्षा बोलका वाटतो.

उद्योगांच्या दृष्टीने तर ईरीपेक्षा कमी प्रसिद्ध कालवे अधिक बोलतात. पूर्व पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात अँथ्रासाइट हा कठीण दगडी कोळसा होता, पण तो शहरापर्यंत येत नव्हता. शूलकिल नदीचा जलमार्ग १८२५ साली, डेलावेअर-हडसन कालवा १८२८ साली आणि लीहाय कालवा १८२९ साली तयार झाला आणि कोळसा फिलाडेल्फिया-न्यूयॉर्कला उतरू लागला. आल्फ्रेड चँडलर यांनी १९७२ च्या एका निबंधात असे मांडले की अमेरिकेत कापडगिरण्यांपलीकडे कारखाने पसरले ते या स्वस्त कोळशानंतर. तोवर लोखंड लाकडी कोळशावर गाळले जाई आणि मोठी यंत्रे चालवायची तर धबधब्याजवळ जावे लागे. १८४० साली लीहायच्या काठी डेव्हिड थॉमस या वेल्समधून आलेल्या लोहाराने अँथ्रासाइटवर भट्टी पेटवली. शहरात वाफेवर चालणारा कारखाना उभा करणे यानंतर परवडू लागले.

मॅसॅच्युसेट्समधला पॉटकेट कालवा आणखी वेगळे सांगतो. मेरिमॅक नदीच्या धबधब्याला वळसा घालून लाकूड समुद्राकडे नेण्यासाठी तो १७९० च्या दशकात खोदला गेला. १८०३ साली बॉस्टनला थेट जाणारा मिडलसेक्स कालवा पूर्ण झाला आणि पॉटकेटचा धंदा बसला. पुढे बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी त्याचे समभाग विकत घेतले, बोटींऐवजी जलचक्रांसाठी पाणी वळवले आणि १८२३ साली तिथे कापडगिरणी सुरू झाली. लॉवेल हे गिरणगाव असे एका फसलेल्या वाहतूक-प्रकल्पातून जन्मले. हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८४९ च्या आपल्या नदीप्रवासाच्या पुस्तकात याच परिसरातल्या धरणांनी अडवलेल्या शॅड माशांची कणव केली आहे. उद्योगाच्या इतिहासाला ती बाजू सुचायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

५

आता पैशाकडे वळू. नेथन मिलर यांचे ‘द एंटरप्राइझ ऑफ अ फ्री पीपल’ (१९६२) हे फारसे चर्चेत नसलेले पुस्तक या बाबतीत सर्वांत उपयोगी. राज्याने कर्जरोखे काढले आणि त्यांच्या व्याजाच्या हमीसाठी मिठावरचा कर आणि लिलावावरचा कर बांधून दिला. सुरुवातीचे रोखे लहान बचतदारांनी आणि न्यूयॉर्कच्या बचत बँकेने घेतले. यश दिसल्यावर लंडनचे धनिक आले. काम मधल्या सपाट टप्प्यापासून सुरू करण्यातही शहाणपण होते. तिथे लॉक कमी, खोदाई सोपी. १८१९ मध्ये रोम-युटिका टप्पा वाहू लागला आणि मग काम थांबवा म्हणणे कोणत्याही पक्षाला जड गेले. १८३० च्या दशकात टोलच्या उत्पन्नातून मूळ कर्ज फिटलेसुद्धा.

‘आठ वर्षांची मेहनत, सत्तर लाखांचा खर्च, दहा-बारा वर्षांत फेड’ ही कथा इथे थांबते. पण १८३६ पासून तोच कालवा ७० फूट रुंद आणि सात फूट खोल करण्याचे काम सुरू झाले, ते १८६२ पर्यंत चालले आणि मूळ खर्चाच्या कित्येक पट पैसा त्यात गेला. मधे १८४२ साली राज्याला काम थांबवून कर लावावा लागला आणि १८४६ च्या राज्यघटनेने कर्ज काढण्यावर बंधने आणली.

त्याहून गंभीर गोष्ट शेजाऱ्यांची. ईरीचे यश पाहून पेनसिल्व्हेनियाने फिलाडेल्फिया-पिट्सबर्ग मार्ग हाती घेतला. मधे ॲलेगेनी पर्वत. कालव्याच्या बोटींचा माल दहा उतरंडींच्या ३६ मैल लोहमार्गावरून दोराने ओढून पलीकडे न्यायचा, असा तो द्राविडी प्राणायाम. चार्ल्स डिकन्स १८४२ साली त्या मार्गाने गेले आणि बोटीतल्या फळीवरच्या झोपेचे त्यांनी मिस्कील वर्णन केले. १८५७ साली राज्याने हा सगळा मार्ग रेल्वे कंपनीला ७५ लाख डॉलरला विकला. इंडियानाने १८३६ साली एकाच कायद्याने एक कोटी डॉलरची कामे मंजूर केली, १८३७ ची मंदी आली आणि १८४१ मध्ये राज्य व्याज देऊ शकले नाही. १८४२ पर्यंत आठ राज्ये आणि फ्लोरिडा प्रदेश यांनी देणी थकवली होती. काहींचा पैसा बँकांत बुडाला होता, काहींचा कालव्यांत. पेनसिल्व्हेनियाचे रोखे घेतलेल्या सिडनी स्मिथ या इंग्रज पाद्र्याने १८४३ मध्ये जळजळीत पत्रे छापली.

ही राज्ये मूर्ख नव्हती. त्यांनी ईरीचे आकडे वाचले होते. त्या आकड्यांत एक गोष्ट लिहिलेली नव्हती. ॲपलेशियन डोंगररांगेला मोहॉक खोऱ्यात जी सपाट खिंड आहे, तशी न्यूयॉर्कबाहेर जवळपास कुठे नाही. भूगोलाने दिलेले यश धोरणाच्या खाती जमा झाले आणि इतरांनी धोरणाची नक्कल केली. कालव्यांचा इतिहास फक्त यशस्वी कालव्यावरून लिहिण्याचा धोका तो हाच. चार्ल्स सेलर्स यांचे ‘द मार्केट रेव्होल्यूशन’ (१९९१) बाजारपेठेने माणसे कशी भरडली हे तळमळीने सांगते, डॅनियल वॉकर हाउ यांचे २००७ चे विस्तृत पुस्तक त्याला उत्तर देत दळणवळणाने लोकांना मिळालेल्या नव्या संधींवर भर देते. दोघांचा वाद वाचनीय आहे, पण बुडालेल्या कालव्यांकडे दोघेही ओझरतेच पाहतात.

६

कालवा खणला कोणी? बराच काळ पुस्तकांत ‘आयरिश मजूर’ एवढा एकच शब्द असे. पीटर वे यांच्या ‘कॉमन लेबर’ (१९९३) या पुस्तकाने तो शब्द उघडला. दिवसाला डॉलरपेक्षा कमी मजुरी, मजुरीचाच भाग म्हणून दिलेली व्हिस्की, ठेकेदार पळाला की बुडालेले पैसे, माँटेझुमाच्या दलदलीतला हिवताप, लॉकपोर्टच्या खडकातले दारूचे स्फोट. वे यांच्यावर एक आक्षेप घेता येतो. त्यांचे मजूर फक्त भोगतात. ते काही ठरवताना, साठवताना, जमीन घेताना क्वचित दिसतात. पण बर्नस्टाइन यांच्या पुस्तकानंतर लगेच वे वाचावेत. क्लिंटन यांच्या पाण्याच्या घागरीचे वजन मग वेगळे वाटते.

कॅरल शेरिफ यांचे ‘द आर्टिफिशियल रिव्हर’ (१९९६) मला या सर्वांत समतोल वाटते. त्यांचा मुख्य आधार म्हणजे सामान्य लोकांनी कालवा मंडळाला केलेले अर्ज. शेताचे दोन तुकडे झाले, पूल द्या. काठ पाझरतो, पीक सडले, भरपाई द्या. आमच्या गावाला बंदर द्या. एकाच माणसाला कालवा हवाही असतो आणि त्याचा त्रासही होतो. राज्याने प्रगती आणली, आता तिचे नुकसानही राज्यानेच भरावे, अशी अपेक्षा लोकांच्या मनात कशी रुजली हे शेरिफ दाखवतात. बोटी ओढणाऱ्या घोड्यांमागे चालणाऱ्या मुलांवरही त्यांनी लिहिले आहे. त्यातले एक पोर ओहायोच्या कालव्यावरचे, जेम्स गारफील्ड, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि १८८१ साली होरॅशियो ॲल्जर यांनी त्यांच्यावर कालव्याच्या काठापासून अध्यक्षपदापर्यंतचे बोधप्रद चरित्र लिहिले. वस्तुतः गारफील्ड काही आठवडेच त्या कामावर होते आणि ताप घेऊन घरी आले. उरलेल्या मुलांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

आणि जमीन? लॉरेन्स हॉप्टमन यांच्या ‘कॉन्स्पिरसी ऑफ इंटरेस्ट्स’ (१९९९) या पुस्तकाचा विषय इरोक्वॉय लोकांचे विस्थापन हा आहे. ओनायडा, सेनेका आदी राष्ट्रांच्या जमिनी फावडे पडण्याच्या बऱ्याच आधी, १७८० च्या दशकापासून, करारांच्या नावाने काढून घेतल्या जात होत्या. जमीन-व्यापारी, राजकारणी आणि वाहतुकीचे पुरस्कर्ते ही अनेकदा तीच ती माणसे होती, हे हॉप्टमन नावांनिशी दाखवतात. बफेलो वाढल्यावर त्याच्या वेशीवरचे सेनेकांचे राखीव क्षेत्र डोळ्यांत खुपू लागले. १८३८ चा बफेलो क्रीकचा करार लाच आणि दडपणाने घडवला गेला. १८४२ च्या तडजोडीत काही जमीन परत मिळाली, बफेलो क्रीक गेलेच. टॉनावांडाच्या सेनेकांनी मात्र लढा चालू ठेवला आणि १८५७ साली आपलीच जमीन पैसे मोजून परत घेतली. रॉचेस्टर-बफेलोच्या वाढीचे आकडे देणाऱ्या पानावर ही वाक्ये नसतील तर ते पान अपुरे आहे असे माझे मत आहे.

७

इतिहासकार जिथे १९९० च्या दशकात पोचले, तिथे दोन कथाकार आधीच जाऊन आले होते. नॅथॅनिएल हॉथॉर्न यांचे ‘द कॅनल बोट’ हे प्रवासचित्र १८३५ सालचे. सुरुवातीला क्लिंटन यांना जादूगार मानणारा निवेदक हळूहळू कंटाळतो. कालव्याने पाणी ओढून घेतल्यामुळे वाळलेली झाडे, चिखल, एकसुरी काठ. शेवटी तो रात्री क्षणभर किनाऱ्यावर उतरतो आणि बोट त्याला मागे टाकून निघून जाते. प्रगतीची बोट कोणासाठी थांबत नाही, हे हॉथॉर्न सांगत बसत नाहीत, नुसते घडवतात. हर्मन मेलव्हिल तर १८३८ साली ईरीवर नोकरी मिळावी म्हणून मोजणी-अभियांत्रिकी शिकले होते. नोकरी मिळाली नाही. पुढे ‘मोबी-डिक’च्या ५४ व्या प्रकरणात त्यांनी ईरीचे खलाशी उभे केले. रगेल, लुटारू, प्रसंगी उदार. समृद्ध गावांच्या आणि चर्चच्या शेजारून वाहणारे हे बेबंद आयुष्य त्यांनी पेरूमधल्या लिमाच्या श्रोत्यांना ऐकवले आहे, म्हणजे अमेरिकेकडे बाहेरून पाहायची सोय करून घेतली आहे.

या काठाने विचारही वाहून नेले. जोसेफ स्मिथ यांचा मॉर्मन ग्रंथ १८३० साली छापला गेला तो पाल्मायरा या कालव्यावरच्या गावात. १८३०-३१ च्या हिवाळ्यात चार्ल्स फिनी यांनी रॉचेस्टरमध्ये धर्मजागृतीची लाट उठवली. पॉल जॉन्सन यांनी ‘अ शॉपकीपर्स मिलेनियम’ (१९७८) मध्ये ती मालक-मजूर या नव्या नात्याशी जोडून दाखवली. त्याच रॉचेस्टरमधून फ्रेडरिक डग्लस यांनी १८४७ साली गुलामगिरीविरोधी ‘द नॉर्थ स्टार’ काढले. महात्मा फुले यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकी लोकांना अर्पण केली, त्यांच्या चळवळीचे एक केंद्र अशा कालव्याच्या गावात होते. मात्र त्याच कालव्याच्या टोकाशी असलेले न्यूयॉर्क शहर गुलामांनी पिकवलेल्या कापसावर श्रीमंत होत होते, हेही त्याच वाक्यात लिहिले पाहिजे.

तेव्हा ‘कालव्याने अमेरिका घडवली का?’ या प्रश्नाचे उत्तर मी असे देईन. ईरी कालव्याने एका राज्याची शेती, गिरण्या आणि गावे घडवली, एका आधीच पुढे निघालेल्या बंदराला बळ दिले, आणि पुढे वीसेक वर्षांनी पश्चिमेचा ओघ वळवला. कारखानदारीचा पाया घालण्यात पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या कालव्यांचा वाटा थेट आणि त्याहून मोठा होता. सार्वजनिक कर्जावर असे काम यशस्वी होते हे ईरीने सिद्ध केले, पण ते सर्वत्र यशस्वी होईल हा भ्रमही त्यानेच पसरवला. आणि या सगळ्याची किंमत ज्यांनी दिली, त्यांची नावे टोलच्या वहीत नव्हती.

वाचकाला एकच पुस्तक वाचायचे असेल तर शेरिफ वाचावे, दोन वाचायची असतील तर त्याच्या जोडीला टेलर. हॉप्टमन यांच्यावाचून मात्र नकाशा अर्धाच राहतो. आपल्याकडेही धरणे, महामार्ग, बंदरे यांचे इतिहास यापुढे लिहिले जातील. खर्च किती, फेड किती आणि वस्ती किती वाढली हे त्यात येईलच. मिळालेले अर्ज, थकलेली मजुरी आणि गेलेली जमीन यांची कागदपत्रे आजच जपून ठेवली, तर पुढच्या अभ्यासकाला ती शोधायला पावणेदोनशे वर्षे लागणार नाहीत.